तलावाच्या पोटातली लाईन

संध्याकाळी मी अंगणात स्कूटी लावली की बाबा विचारायचे, "आज काय जाऊन रायलं?"

मान वर करायचे नाहीत. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवलेलं, हातात सुताची फिरकी, आणि हा प्रश्न. नवख्याला वाटावं, रस्त्यावरून कुणाची वरात चालली आहे. पण बाबांना जमिनीखालचं विचारायचं असायचं. आमच्या गावच्या शिवारातून तेलाची पाईपलाईन जाते. कुठून तरी लांबून येते, तशीच पुढे निघून जाते, आम्हाला त्यातला थेंब मिळत नाही. स्कूटीत पेट्रोल भरायला मला साकोलीच्या रस्त्यावरच्या पंपावरच जावं लागतं. त्या लाईनवर मी नोकरीला आहे.

"आज डिझेल," मी म्हणायची.

खरं सांगायचं तर मला ते रोज माहीत नसायचं. लाईनच्या पंपिंग स्टेशनवर कुणी सहज बोलून गेलं तर कळायचं, नाही तर मी ठोकून द्यायची. बी.एस्सी. झालेल्या मुलीनं 'माहीत नाही' कसं म्हणायचं? आमच्या ढिवर मोहल्ल्यातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. सकाळच्या एसटीनं उभ्यानं जाऊन, सोबतच्या पोरी नाक दाबायच्या म्हणून मासळीची टोपली घरी ठेवून, केमिस्ट्री घेऊन पास झाले आहे. लाजायचं कशाला?

नोकरीच्या मुलाखतीत एका साहेबानं विचारलं होतं, "चिखलात चालता येईल का?"

"चिखलातच वाढली जी," मी म्हटलं. पुढचा प्रश्न त्यानं विचारला नाही.

तर एकाच पाईपातून आज डिझेल आणि उद्या पेट्रोल जातं, हे मी बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी जाळं खाली ठेवलं.

"मधात काई लावते का? बूच-गीच?"

"काही नाही लावत. एकाच्या मागं एक. धक्का देत देत."

"मंग मिसळत नाई?"

"थोडं मिसळते."

"थोडंच काहून? पुरं काहून नाई?"

मी ट्रेनिंगच्या पुस्तकातलं सांगू लागले. वेग इतका ठेवावा लागतो, पाईप सारखा भरलेला असावा लागतो वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं आणि दोन दिवस त्यावर काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "तलावाचं तोंड उघडलं का नहरात पयले गढूळ पानी येते, मंग नितळ. दोघाच्या मधात हातभर मिसळलेलं रायते. शेपटी मिसळते, धड नाई मिसळत. तसंच असन."

मी चार पानं वाचून जे समजले होते ते त्यांनी एका घासात सांगितलं. ते कधी शाळेत गेलेले नाहीत. मला कौतुक वाटलं, आणि खरं लिहायचं तर थोडा रागही आला.

"अन् त्या शेपटीचं काय करते?"

"ती वेगळ्या टाकीत काढून घेते. पलीकडं यंत्र असते, ते तेलाचं वजन पाहते. पेट्रोल हलकं, डिझेल भारी. वजन बदललं की समजते, आता दुसरं आलं."

"म्हंजे डोयानं नाई पाहत."

"नाही."

"बराबर हाये," बाबा म्हणाले. "खालचं डोयानं नाई दिसत."

असे त्यांचे प्रश्न कधी संपायचे नाहीत. पाईप आतून साफ करायला एक गोल अवजार सोडतात, तेलाच्याच जोरावर ते शेकडो किलोमीटर खरडत जातं, आणि त्याला सगळे पिग म्हणतात, म्हणजे डुक्कर, हे ऐकून आईला ठसका लागला होता. "तेलात डुक्कर सोडते? मंग ते पेट्रोल माह्या पोरीच्या गाडीत नोको टाकू." लोखंड जमिनीत गंजतं कसं नाही, हा बाबांचा पुढचा प्रश्न. मी त्यांना वीजदाबाचं रीडिंग घेऊन दाखवलं. लाईनवर ठरावीक ठिकाणी एक छोटा खांब असतो, त्याला खालच्या पाईपापासून वर आणलेली तार असते. एका नळीत मोरचूदाचं पाणी आणि तांब्याची कांडी असते, ती ओल्या मातीवर टेकवायची आणि मीटर लावायचं. पाईपाला सतत अगदी बारीक वीज दिलेली असते. तेवढ्यानं गंज धरत नाही. मोरचूद बाबांनी फवारणीसाठी पाहिलेलं. "एवढीशी वीज," ते मीटरकडे पाहत म्हणाले, "अन् मुंगीलेबी लागत नाई. पन लोखंडाले समजते."

वरून मात्र या लाईनचं काहीच दिसत नाही. धानाची बांधी आहे, बांधीच्या कडेचा धुरा आहे, धुऱ्यावर तुरी आहेत, त्याखालून ती जाते. दिसतात ते फक्त गोटे. कंपनी त्याला मार्कर म्हणते, गावात गोटाच म्हणतात. सिमेंटचा, मांडीएवढा उंच, पिवळा रंगवलेला, त्यावर नंबर, 'खाली तेलाची लाईन आहे, खोदू नये, खूण हलवणे गुन्हा आहे' आणि एक फोन नंबर. माझ्या हाताखाली चार वॉकर आहेत. ते रोज लाईनवरून पायी जातात. कुठं कुणी विहीर तर काढत नाही, झाड तर लावत नाही, माती तर वाहून गेली नाही, ते पाहतात. मी त्यांच्या मागं स्कूटीवर, आणि जिथं स्कूटी जात नाही तिथं पायी. एकोडीकडच्या शेतात धानाची रोवणी करणाऱ्या बाया मला विचारायच्या, "खालून गरम लागते का वो बाई?" मी चप्पल काढून त्यांच्या बाजूला चिखलात उभी राहायची. "पाहा, लागते का?" नाही लागत.

आता तलावाचं सांगते.

आमच्या गावचा तलाव जुना आहे. त्याची मातीची पाळ एकीकडं, आणि दुसरीकडं उथळ शेपूट, जिथं पावसाळ्यात पाणी पसरतं आणि उन्हाळ्यात गुरं चरतात. लाईन त्या शेपटाखालून जाते. पाण्याखालून जाते म्हणून तिथं पाईपाला सिमेंटचा जाड कोट घातलेला आहे. तो कशाला, असं बाबांनी विचारलं होतं, आणि रिकामा पाईप पाण्याखाली तरंगून वर येऊ शकतो हे ऐकून ते बराच वेळ हसत होते. "एवढं लोखंड अन् तरंगते! अन् माहा डोंगा लाकडाचा, तो बुडते." लाईन टाकली तेव्हा मी अकरावीत होते. त्या उन्हाळ्यात बाबा दूरच्या धरणावर मासे धरायला गेले होते. परत आले तेव्हा चर बुजवून झाला होता.

मागच्या दोन उन्हाळ्यांत तलाव आटून डबक्याएवढा झाला. मासे मेले. तळ्यात पाणी किती का कमी असेना, अंड्यावरचे मोठे मासे जगले तर पुढच्या पावसात पिल्लं आपोआप होतात. ते मेले की बाहेरून बीज आणून सोडावं लागतं, आणि बाहेरचं बीज आमच्या तलावात नीट टिकत नाही. म्हणून आमच्या मच्छीमार सोसायटीनं ठरवलं की शेपटाच्या तोंडाशी एक खोल डोह खोदायचा. वर पाणी आटलं तरी मोठे मासे त्यात उतरतील. ग्रामपंचायतीचा ठराव झाला, जेसीबी ठरला. तो एकच दिवस मिळणार होता, दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं, आणि आभाळ भरू लागलं होतं. एकदा पाणी आलं की वर्षभर डोह नाही, आणि यंदाही मासे गेले तर निम्मा मोहल्ला जाळं टांगून ठेवून मजुरीला जाणार होता. हे सगळ्यांना माहीत होतं.

सोसायटीच्या छपरीत बैठक बसली. अध्यक्ष आमच्या नात्यातलेच, मी त्यांना काका म्हणते. ते म्हणाले, "लाईन जवळ हाये. आपल्या घरातलीच कंपनीवाली बाई हाये. तिलेच विचारा."

त्या छपरीत मी लहानपणी दाराशी उभी राहून ऐकायची. त्या दिवशी मला खुर्ची दिली. मी अंगात पिवळं जॅकेट घातलेलंच होतं. उठले, सगळ्यांना घेऊन तलावावर गेले, काठावरच्या गोट्यापाशी उभी राहिले आणि तिथून तलावाच्या आत मोजून साठ पावलं टाकली. नियमापेक्षा कितीतरी जास्त. "इथं खुशाल खोदा," मी म्हटलं. "लाईन तिकडं, गोट्याखाली आहे." काकांनी चुन्यानं मोठा गोल आखला.

बाबा गोलाच्या कडेला उभे होते. अनवाणी. ते दोन पावलं आत गेले, परत आले.

"माय," ते म्हणाले, "पाईप त्या गोट्याखाली नाई वाटत. इथंच कुठी हाये."

"कशावरून?"

"पायाले समजते."

दोघंतिघं हसले. एक जण म्हणाला, "घ्या गा! बुढ्याच्या पायाले मीटर बसवलं हाये कंपनीनं."

मी हसले असते तरी बरं झालं असतं. मी म्हटलं, "बाबा, तुमाले काय समजते त्यातलं? उगाच मधात नोका बोलू."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि पाळीकडं चालू लागले. काका म्हणाले, "परवा सकाळी मशीन येते, ठरलं." बैठक संपली.

त्या संध्याकाळी मी स्कूटी लावली. बाबा जाळं विणत होते. त्यांनी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मी मुद्दाम त्यांच्यासमोर बसून चहा प्याले. म्हटलं, आज पेट्रोल जाऊन राहिलं. त्यांनी मान हलवली, बस. आई माझ्याकडं पाहून भाकरी थापत राहिली. "चार लोकात बापाले असं बोलते का कोनी?" एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी, मशीनच्याच दिवशी, सकाळी मी लवकर उठले. वाईट वाटत होतं हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. माझ्या डोक्यात ते 'पायाले समजते' अडकून बसलं होतं. काय समजतं? कसं समजतं? मला कुणी मोरचूदाच्या नळीबद्दल विचारलं तर मी दहा मिनिटं सांगते, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "पायाले कसं समजते, दाखवा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. थट्टा आहे का ते तपासलं. मग कोपऱ्यातली बांबूची काठी घेतली. "चप्पल काढ," म्हणाले.

शेपटात घोट्याएवढा चिखल होता. बाबा हळूहळू चालत होते, टाच आधी, मग चवडा. मी मागून.

"इथं पाह्य. टाच टेकते, थांबते. खाली जुनी माती हाये, जमलेली. कोनी हात नाई लावला तिले." पुढे गेले. "इथंबी." आणखी पुढे, चुन्याच्या गोलाच्या आत, ते थांबले. "आता ठेव पाय."

मी ठेवला. पाय दोन बोटं जास्त गेला. अंगठ्याखाली काहीतरी खरखरलं.

"काय लागलं?"

"मुरूम."

"तलावाच्या पोटात मुरूम कुठून आला? मुरूम खाली असते, दोन पुरुस खाली. कोनी तरी वरचं खाली अन् खालचं वर केलं हाये. अन् इथंच देवधान जास्त उगवते, पाह्य." रानटी धानाच्या वाळक्या काड्या खरंच एका पट्ट्यात होत्या, सरळ, धुऱ्यासारख्या. मी त्या कितीदा पाहिल्या होत्या. "पावसाळ्यात मरळ याच पट्ट्यात बसते. माती पोकळ हाये नं." त्यांनी काठी रोवली. गोलाच्या जवळजवळ मधोमध.

काठी नेमकी कुठं आली ते मला दिसत होतं. तरी मी म्हटलं, "पण गोटा तं तिकडं आहे."

"गोटा?" बाबा म्हणाले. "गोटा तं आमीनंच तिकडं नेला."

ते इतक्या सहज म्हणाले की मला आधी समजलंच नाही.

"कोणी नेला?"

"मी अन् आनखी तिघं. तू नोकरीले लागली नव्हती तवा. इथं होता तो, या काठीपासून चार हातावर. पावसाळ्यात पुरा बुडे. जाळं अडके, फाटे. अन् त्याच्यावर लिवलेलं कोन वाचन पान्यात? फोन नंबर हाये, सूचना हाये. म्हनून उचलला अन् काठावर नेऊन गाडला. उभा, सरळ. पान्यानं धुऊनबी घेतला. आता कोनीबी वाचते."

त्यांना त्यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं, आणि मला रागावताही येईना. आमच्याकडं बांधीत दगड निघाला की तो धुऱ्यावर नेऊन नीट ठेवतात. टाकून देत नाहीत. आणि हा तर लिहिलेला दगड. त्यांच्या लेखी ती पाटी होती. पाटी लोकांना दिसेल अशा जागी असावी. तो गोटा म्हणजे खालच्या वस्तूची जागा आहे, ती जागाच त्याचा सगळा अर्थ आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. रोज संध्याकाळी एवढं बोलत होते, डुक्कर सांगितलं, मोरचूद सांगितलं, गोटा कशाला असतो ते राहिलं.

आणि त्या गोट्यावर भरवसा ठेवून मी साठ पावलं मोजली होती.

आमच्यापैकी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हे पुढं मला ऑफिसात विचारलं गेलं. वॉकरच्या अंगावर यंत्र असतं, तो कुठून चालला ते ऑफिसात दिसतं. पण तलाव आला की तो काठानं वळसा घालतो, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. मागचा आणि पुढचा गोटा रेषेत पाहिला असता तर दिसलं असतं, पण मध्ये बेशरमचं रान आहे. आणि खोदायच्या आधी लोकेटर लावून पाईप शोधायचाच असतो, हा नियम आहे. मी म्हटलं, एवढं दूर आहे, काय गरज? ही माझी चूक. ती मी तेव्हाही कबूल केली, इथंही लिहिते.

तेवढ्यात पाळीवर जेसीबीचा आवाज आला.

मी चिखलातून धावत गेले. जॅकेट घरी, पाय गुडघ्यापर्यंत भरलेले. मशीनसमोर दोन्ही हात आडवे करून उभी राहिले. चालवणारा वरून ओरडला, "ओ ताई, बाजूला हो!"

"खोदायचं नाही. बंद करा."

काका आले. सोबत सोसायटीची दहाबारा माणसं. "काय झालं पोरी? तूनंच तं जागा देल्ली."

"मी चुकली, काका. लाईन इथंच आहे."

"परवा तिकडं होती, आज इकडं आली? मांगूर मासा हाये का तुही लाईन, रातभरात सरकाले?"

लोक हसले, पण काकांच्या तोंडावर हसू नव्हतं. आभाळाकडं बोट दाखवून ते म्हणाले, "मशीन सांजेले जाते. मंग पानी. मंग पुढचं साल. मासे मेले तं तुही कंपनी भरून देईन का?"

"मला दुपारपर्यंतचा वेळ द्या."

"अन् दुपारी काय म्हनशीन? गोट्याले पाय फुटले?"

गोट्याला आठ पाय फुटले होते, आणि त्यातले दोन माझ्या बापाचे होते. ते त्या क्षणी मी बोलले नाही. लाईनचा गोटा हलवणं हा गुन्हा आहे. तसं त्या गोट्यावर लिहिलेलंच आहे, नेमका तोच मजकूर बाबांनी सगळ्यांना दिसावा म्हणून वर आणला होता.

मी स्टेशनवर इंजिनियर साहेबांना फोन लावला. काय झालं, कुठं झालं, मी काय केलं, सगळं सांगितलं, गोटा कुणी नेला तेवढं सोडून. ते एक शब्द बोलले, "थांबवा." आणि निघाले.

दोन तास आम्ही पाळीवर बसून होतो. मशीनवाला आंब्याखाली झोपला. बाबा काठीपाशीच उभे होते, बगळ्यासारखे, जणू त्यांनी हात सोडला तर पाईप दुसरीकडं जाईल.

साहेब जीपनं आले. तरुणच, बाहेरगावचे, हिंदीमिश्रित मराठी बोलणारे. लोकेटर म्हणजे दोन भाग. एक डबा त्यांनी शेतातल्या रीडिंगच्या खांबाला जोडला. तो पाईपात एक सूर सोडतो. दुसरा भाग हातात धरायचा, लांब दांड्याचा, तो सूर ऐकणारा. पाईपाच्या बरोबर वर गेलं की आवाज सगळ्यात मोठा होतो. साहेब काठावरच्या गोट्यापासून निघाले. गोट्यापाशी आवाज जवळजवळ नाहीच. वीस पावलं, काही नाही. चाळीस, बारीक कुईकुई. सगळी माणसं त्यांच्यामागं चिखलात उतरली होती, काकासुद्धा. चुन्याच्या रेषेच्या आत यंत्र ओरडू लागलं. काठीच्या अलीकडं दोन पावलांवर आवाज सगळ्यात मोठा झाला.

साहेबांनी तिथं लाल झेंडी खोचली. यंत्रावर खोली पाहिली, परत पाहिली. कागदावर होती त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. दर उन्हाळ्यात लोक शेतात टाकायला तलावाचा गाळ नेतात. तितकी माती वरून गेली होती.

"मशीनचा दुसरा घास," साहेब जेसीबीच्या बकेटकडं पाहत म्हणाले. "फार तर तिसरा."

एवढ्या माणसांत फक्त बाबा झेंडीपासून काठीपर्यंतचं अंतर मोजत होते.

"दोन पावलं चुकलो," ते म्हणाले. चांगलेच खट्टू झाले होते.

"तुमी दोन चुकले," काका म्हणाले. "ग्रॅज्युएट साठ चुकली." या वेळी ते हसले. मी पण.

मग साहेबांनी विचारलं, "वो मार्कर वहाँ कैसे गया? गोटा कुणी हलवला?"

सगळे चिखलाकडं पाहू लागले. त्या चौघांतला एक जण माझ्या शेजारीच उभा होता, तो दुपट्ट्यानं तोंड पुसू लागला. मी काय बोलावं ते जुळवत होते. बोलले असते की नसते, आज सांगता येत नाही. बाबांनी मला ती वेळच दिली नाही.

"मी जी," ते म्हणाले. "गोटा मी नेला. बुडे जी तो. वाचाले ये नाई."

"वाचायला?"

"हो जी. तुमीच लिवलं हाये नं त्याच्यावर, खोदू नोका म्हनून. पान्यातल्या मासोळीले सांगून काय फायदा?"

साहेब त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्या काठीकडं, मग झेंडीकडं. "और ये लकडी किसने गाडी?"

"तेबी मीच."

"कशावरून?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. या वेळी मी सांगितलं, टाच कशी टेकते, मुरूम, देवधान, मरळ. साहेबांनी बूट काढले, पँट वर केली आणि स्वतः पाय ठेवून पाहिला. एकदा पट्ट्यात, एकदा बाहेर. तीनचारदा. "हां," ते म्हणाले. "फरक है." त्यांनी वहीत बरंच लिहिलं, पण तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पोलिसात काही गेलं नाही एवढं मला माहीत आहे.

दुपार कलली होती. काका म्हणाले, "आता डोहाचं काय?"

साहेबांनी लाईनच्या दोन्ही बाजूंना झेंड्यांची रांग लावली. इथपर्यंत मशीन आणायची नाही, वरून न्यायचीसुद्धा नाही. मग बाबांना विचारलं गेलं, तलाव आटला की पाणी शेवटी कुठं राहतं. बाबा पाळीच्या बाजूला, झेंड्यांपासून चांगलं दूर, एका जागी जाऊन उभे राहिले. "इथं. माह्या लहानपनापासून इथंच." साहेबांनी तिथंही लोकेटर फिरवला. या वेळी मी आधी म्हटलं, फिरवा म्हणून. यंत्र गप्प. मशीन सुरू झाली. अंधार पडायच्या आत डोह झाला. ठरला होता त्याहून लहान, पण माणूस बुडेल एवढा खोल.

मला ऑफिसातून लेखी खुलासा मागितला. मी तो दोन पानी दिला, जसं झालं तसं. पगारवाढ एक वर्ष थांबली, नोकरी राहिली. आता तलावात जुन्या जागेवर उंच लोखंडी खांब आहे, पुराच्या पाण्यातही नंबर दिसतो. त्यावर खंड्या बसतो. आणि मी गावोगाव जाते तेव्हा आधी सांगते, हा गोटा वाचायचा नाही, हा जिथं आहे तिथं आहे, एवढंच त्याचं काम. लाईनवर गाळ परत भरून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात डोहातले मोठे मासे जगले.

पुढं एकदा साहेबांचा फोन आला. दुसऱ्या गावच्या तलावाखाली लाईन तपासायची होती, लोकेटर तर नेणारच होते, पण तुझ्या बाबांना घेऊन ये, पाहू तरी, म्हणाले. मी मोठ्या आनंदानं घरी सांगितलं. बाबांनी सुताची फिरकी थांबवली नाही.

"नाई जी म्हनून सांग. त्या तलावाची माह्या पायाले ओळख नाई. अंदाजानं सांगनं बरं नोय."

मी तिथंच अंगणात उभी राहिले. स्कूटीची किल्ली हातात.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आज काय जाऊन रायलं?"

"माहीत नाही, बाबा," मी म्हटलं. "मला रोज सांगत नाहीत."

त्यांनी मान वर केली. "मंग आतापर्यंत?"

"ठोकून देत होती."

बाबा पोटभर हसले, आईला हाक मारून तिलाही सांगितलं. मग अंगठ्यातलं जाळं सोडवून म्हणाले, "उद्या विचारून ये. ठोकून नोको देऊ."